पिवळं पडलेलं धान

"मग पिवळं कशानं पडलं?" भंते सुमेध यांनी विचारलं.

धानाचा नवा वाण काढणारे डॉक्टर हेडाऊ विहाराच्या पायरीवर मान खाली घालून बसले होते. समोर शेवंताबाईंची बांधी, धानाचं खाचर; त्यात हाच वाण लावलेला. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनीच त्या बांधीत तणनाशक मारायला लावलं होतं. तण मेलं होतं. पण धानही पिवळं दिसत होतं.

"मरायला नको, भंते. हा वाण तणनाशकाला सहनशील आहे. मी बारा वर्षं घालवलीत त्याच्यावर."

"मी मरण्याचं विचारलं नाही."

डॉक्टरांनी मान वर केली.

भंते उठले, चपला न घालता बांधीत उतरले. डॉक्टर मागे गेले. भंतेंनी एक रोप हातात धरून बाहेरची पिवळी पानं हलकेच बाजूला केली. आत पोग्यात, मधल्या सुरळीत, नवं पान होतं. हिरवं, बोटभर.

डॉक्टर चिखलात गुडघ्यांवर बसले. दुसरं रोप पाहिलं, तिसरं पाहिलं.

"हे काय करतंय?" भंतेंनी विचारलं.

"विष मोडतंय... पोटातल्या पोटात. साखर, ताकद, सगळी त्याच कामाला लागते. वाढीला काही उरत नाही. आणखी आठदहा दिवसांत सावरेल."

"तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"होतं."

"शेवंताबाईंना?"

डॉक्टरांनी हातातलं रोप सोडलं.

"त्यांना म्हणालो होतो, काही होणार नाही."

शेवंताबाई बांधावर उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

"मी त उद्या नांगर फिरवाले सांगतलं हाये," त्या म्हणाल्या.

डॉक्टर तसेच चिखलाच्या पायांनी त्यांच्याकडे गेले. हात जोडून सगळं सांगितलं, मग पोग्यातलं पान दाखवलं. शेवंताबाईंनी ते पान दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग बांधावरच बसल्या, ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

"येऊ नको, भाऊ. जित्तं हाये."

त्यानंतर अकराव्या दिवशी बांधी हिरवी झाली. डॉक्टर पहाटेच येऊन पोहोचले होते. भंतेही विहारातून बांधावर आले.

"भंते, बियाण्याच्या पाकिटावर 'सहनशील' एवढंच छापलंय. खाली आणखी काय लिहू?"

भंते बांधीकडे पाहत राहिले...

"लिहा, सोसतंय तोवर जवळ थांबा."