फडक्याआडची राणी

विणकरांचे एक गाव होते. नाव विचारू नका, नावाने गोष्टीत काही फरक पडत नाही. त्या गावात शिवराम नावाचा एक कारागीर पैठण्या विणीत असे. हात चांगला होताच, पण ख्याती होती ती त्याच्या नजरेची. लुगड्याची घडी उलगडता उलगडता कुठे धागा सुटला आहे, कुठे रंग घसरला आहे, हे त्याला दिसे. व्यापारी माल घेण्यापूर्वी त्याच्यापुढे लुगडे पसरीत आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसत. तो फारसे बोलत नसे. पाहून झाले की नुसते 'हं' म्हणे. त्या एका 'हं'ने भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळे.

त्याला एकच मुलगी, मंजुळा. ती मागापाशीच वाढलेली. हाताशी आली तेव्हा शिवरामने आतल्या खोलीत तिच्यासाठी वेगळा माग मांडून दिला. साऱ्या आळीने तोंडात बोटे घातली. मुलींनी बापाला रेशीम गुंडाळून द्यावे, इतकीच त्या गावची रीत होती. मुलीच्या नावाने माग मांडणारा हा पहिलाच. "माझ्यामागं हे काम हिच्याकडं जायचं," असे तो चारचौघांत सांगे आणि त्याच्या मनातही तेच होते.

पण मुलीचे काम काही पुढे सरकेना. पदरावर पोपटांची जोडी काढायची होती. चैत्रात माग मांडला, तो आषाढ संपत आला तरी पदर वीतभर झाला नव्हता. एखाद्या दिवशी पोपटाची चोच दिसे, मान दिसे. पुढे केव्हातरी पाहावे तर पोपट नाही, मान नाही, नुसती किनार. शिवराम रोज दिवेलागणीपूर्वी आत जाई, मागाशेजारी उभा राही, पदरावरून नजर फिरवी, 'हं' म्हणे आणि बाहेर येई. मंजुळा खाली मान घालून बसलेली असे. रागावणे त्याच्या स्वभावात नव्हते आणि या गोष्टीचा त्याला थोडा अभिमानही होता. "तिला मी एका शब्दानं बोलत नाही. नुसतं बघतो," असे तो बायकोला सांगे.

अखेर त्याने ठरवून टाकले की पोरीला हात आहे, पण चिकाटी नाही. "दसऱ्यापर्यंत वाट बघतो," तो बायकोला म्हणाला. "नाहीतर तो माग पुतण्याला देऊन टाकतो. त्याचे हात तरी रिकामे आहेत." हे मंजुळेच्या कानावर पडावे अशाच बेताने तो बोलला होता, आणि ते पडलेही. त्या दिवशी ती जेवली नाही.

त्याच गावात एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांची पाठशाळा केव्हाच बंद पडली होती, तरी शिवरामसारखे दोघेचौघे संध्याकाळी त्यांच्याकडे श्लोक शिकायला जात. विद्वान माणूस, पण छंद विचित्र. गुरुजींनी मुंग्या पाळल्या होत्या. काचेच्या एका चपट्या पेटीत माती भरलेली, आणि त्या मातीत राईहून बारीक काळ्या मुंग्यांचे आख्खे वारूळ नांदत असे. पेटी चौरंगावर, आणि चौरंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. शेजारच्या बायका हसत. "साऱ्या जगात साखरेच्या डब्याखाली पाणी ठेवतात ते मुंग्या येऊ नयेत म्हणून. आमचे गुरुजी ठेवतात त्या जाऊ नयेत म्हणून!"

शिवरामला त्या पेटीचे वेड लागले. श्लोक बाजूला राही आणि हा काचेला नाक लावून बसे. कोणी अंडी उचलून ओलीकडे नेत आहे, कोणी मेलेल्या मुंगीला ओढत कोपऱ्यात टाकून येत आहे. सांगणारा कोणी नाही, तरी एकही मुंगी हातावर हात ठेवून बसलेली नाही. हे सगळे पाहून माणसाच्या मनात काय यावे? शिवरामच्या मनात आली ती मंजुळा.

"गुरुजी, असलं एक वारूळ मला द्याल का? पोरीच्या मागासमोर ठेवीन म्हणतो. काम कसं करतात ते तिच्या डोळ्यांपुढं राहील."

"वारूळ असं उचलून देता येत नाही, शिवराम. ते व्हावं लागतं. राणी सापडली की देईन."

पुढे एका दमट संध्याकाळी शिवराम श्लोकाला बसला असता गुरुजींच्या दिव्याभोवती पंखांच्या मुंग्या जमल्या. बऱ्याचशा जळून पडल्या. दोन मोठ्या मुंग्यांनी मात्र भिंतीशी जाऊन आपले पंख आपणच गाळले आणि त्या फट शोधू लागल्या. गुरुजींनी त्या दोन राण्यांना अलगद दोन शिशांत घेतले. प्रत्येक शिशीच्या तळाशी थोडे पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, आणि तोंडाशी आणखी एक बोळा. दोन्ही शिशा त्यांनी काळ्या फडक्यात गुंडाळल्या आणि दोऱ्याने बांधल्या.

"ही तुझी, ही माझी. अंधाऱ्या जागी ठेव. दिवाळीच्या आधी फडकं सोडायचं नाही."

"हिला खायला काय घालू?"

"काही नाही."

"पाणी?"

"आत आहे."

"मग मी करायचं काय, गुरुजी?"

"सांगितलं ना? फडकं सोडायचं नाही. जमलं तर पुष्कळ झालं."

एवढे बोलून गुरुजींनी एक चमत्कारिक गोष्ट केली. आपली शिशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात अगदी आत सारली आणि तिच्यापुढे पितळेचे डबे एकावर एक रचले. डबे उतरवल्याशिवाय हात पोचू नये, अशी व्यवस्था. शिवरामला हसू आले.

"गुरुजी, मुंगी कोण चोरून नेणार आहे?"

"चोराची भीती नाही रे. मलाच मोह होतो."

म्हातारपणी माणसे अशीच काहीतरी बोलतात, असे म्हणून शिवराम घरी आला. शिशी त्याने देवघराच्या फळीवर ठेवली. चार दिवस कळ काढली. मग मनात आले, नुसते बघायला काय जाते? हात थोडाच लावायचा आहे! त्याने दोरा सैल केला, फडके बाजूला सारले आणि शिशी उजेडाकडे धरली. राणीच्या पायांशी खसखशीसारखी पांढरी अंडी होती. त्याला इतका आनंद झाला की त्याने बायकोला हाक मारली, शेजाऱ्याला बोलावले आणि सगळ्यांना शिशी फिरवून फिरवून दाखवली.

मग तो नेमच झाला. सकाळी अंघोळ झाली की शिशी, संध्याकाळी मंजुळेचा माग पाहून आले की पुन्हा शिशी. काही दिवसांनी त्याला वाटले, अंडी कमी झाली की काय. अशी शंका आल्यावर तर बघितल्यावाचून राहवेना. तो दुपारीही फडके सोडू लागला. अंडी खरोखरच कमी होत होती. आणि नवरात्र बसण्याच्या सुमारास एका उतरत्या दुपारी त्याने ते पाहिले. राणीने एक अंडे तोंडात धरले. ती ते दुसरीकडे ठेवील म्हणून तो पाहत राहिला. तिने ते खाऊन टाकले. शेवटचेच होते ते.

शिशी तशीच मुठीत धरून शिवराम तरातरा गुरुजींकडे गेला.

"घ्या तुमची राणी! असली कसली ही आई? स्वतःची पोरं खाते!"

गुरुजींनी शिशी हातात घेतली, आधी फडके नीट गुंडाळले आणि मग विचारले, "किती वेळा सोडलंस?"

"हात नाही लावला, गुरुजी. शपथ घेतो. एक बोटसुद्धा लावलं नाही. नुसतं बघितलं."

"हो. नुसतं बघितलंस."

गुरुजींनी त्याला बसायला सांगितले. पाणी दिले. मग ते बोलू लागले.

"अरे, ही आई वाईट नाही. जमिनीत ही स्वतःला कोंडून घेते. बाहेर पडून खाणं नाही, पिणं नाही. उडण्याचं जे बळ अंगात होतं तेच विरघळवून पिलांना भरवते. पहिली पिलं खुरटी होतात, अगदी बारीक, पण त्यांच्यावरच पुढचं सगळं वारूळ उभं राहतं. या साऱ्याला तिला फक्त अंधार लागतो. उजेड आला की तिला एवढंच कळतं की घर फुटलं, कुणीतरी आत आलं. मग जे अजून कच्चं आहे ते दुसऱ्याच्या हाती पडण्यापेक्षा ती पोटात परत घेते. तू शत्रू म्हणून आला नव्हतास, हे मला ठाऊक आहे. तिला कसं ठाऊक असणार? तिच्या लेखी उजेड तो उजेड."

शिवरामने कोनाड्यातल्या डब्यांकडे पाहिले. "तुमची राणी? तिची पिलं झाली असतील ना?"

"माहीत नाही."

"म्हणजे जिवंत तरी आहे ना?"

"तेही माहीत नाही. बघितलं कुठं?"

"आणि तुम्हाला राहवतं?"

"नाही राहवत," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर डबे रचलेत. वाढवायचं काम तिचं. माहीत नसताना बसून राहायचं काम माझं. दोन्हींत सोपं कुठलं, ते मी अजून ठरवतोय."

मुलीचा विषय गुरुजींनी काढला नाही. शिशी शिवरामच्या हातात परत देत ते एवढेच म्हणाले, "पुन्हा अंडी घालील. तशी धीराची असते ती."

शिवराम घरी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. पाय सवयीने आतल्या खोलीकडे वळले. मंजुळा मागावर बसली होती. बाप आत आलेला पाहून तिचे हात थांबले. रोज हे असेच होत असणार, पण ते त्याला आज दिसले. त्याने पदराकडे पाहिले नाही. कुठे पाहावे हे न कळून त्याने खाली पाहिले, तर मागाखाली एक टोपली होती आणि टोपलीत पोपटी रेशमाचा मोठा गुंता. त्याने त्यातला एक धागा उचलून बोटांत ओढला. धागा सरळ होईना. नवे रेशीम सरळ असते. विणून उसवलेल्या रेशमाची मोड जात नाही, ते नागमोडीच राहते. टोपलीत तसे रेशीम गच्च भरले होते. मध्ये मध्ये चोचीचे तांबडे तुकडेही होते. एक जोडी कसली, पोरीने आजवर पोपटांचा थवा विणला होता आणि सगळा उसवून टाकला होता.

"हे का उसवलंस गं?" त्याने विचारले.

"तुम्ही 'हं' म्हणालात की कळतं, काहीतरी चुकलंय. पण कुठं ते मला दिसत नाही, बाबा. तुम्हाला दिसत असणार. मग मी सगळंच काढते."

शिवरामला आठवू लागले. त्या संध्याकाळच्या 'हं'मध्ये बहुतेक वेळा चूक कुठलीच नव्हती. ती त्याची सवय होती, चांगले पाहिले तरी तेच आणि वाईट पाहिले तरी तेच. ज्या नजरेचे सारा गाव गोडवे गाई, तिने आपल्या घरात काय केले, हे त्या टोपलीत समोर पडले होते.

तो बाहेर गेला, एक जाड चादर घेऊन आला आणि खोलीच्या चौकटीला दोन खिळे ठोकून ती टांगू लागला.

"आता मी आत येणार नाही. झालं की तू सांग."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलेलं लुगडं होईल. पण लुगडं होईल."

गुरुजींकडून परत आणलेली शिशी त्याने स्वयंपाकघरात नेली, कोनाड्यात अगदी आत सारली आणि तिच्यापुढे डबे रचले. बायको बघतच राहिली. तो म्हणाला, "विचारू नकोस. मलाच मोह होतो."

दसरा आला. त्या दिवशी गावातले सगळे माग बंद असतात आणि घरचा कर्ता पुरुष प्रत्येक मागाची पूजा करतो. शिवरामने आपल्या मागाला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि पूजेचे ताट घेऊन तो चादरीपाशी येऊन थांबला. आत जायला आज हक्काचे कारण होते. त्याने ताट चादरीखालून आत सरकवले.

"तुझ्या मागाची पूजा तू कर."

आतून एक हात आला आणि ताट घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या आळीत माग पुन्हा खटखटू लागले. पुतण्या हातगाडी घेऊन दारात हजर. काकांचा शब्द त्याच्या कानावर गेला होता आणि त्याने तो पक्का धरला होता, त्यात त्याचा दोष नाही.

"काका, माग न्यायला आलोय."

"माग रिकामा नाही रे. तुझ्यासाठी दुसरा बघू."

"चैत्रापासून ती विणतेच आहे. किती झालं विणून?"

"माहीत नाही."

पुतण्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "तुम्हाला माहीत नाही? काका, तुम्हाला?"

चादरीमागची खटखट थांबली. आत कोणी श्वास रोखून बसले आहे, हे शिवरामला बाहेरून कळले. त्याचा हात आपोआप चादरीकडे गेला. कापडाला बोटे लागली, तसा त्याने तो मागे घेतला.

"नाही माहीत," तो जरा मोठ्याने म्हणाला. "झालं की सांगेल ती."

मग तो चादरीकडे पाठ करून आपल्या मागावर जाऊन बसला आणि विणू लागला. पुतण्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि रिकामी गाडी वळवली. गाडी आळीच्या टोकाशी पोचायच्या आत, चादरीमागचा माग पुन्हा चालू झाला.