वाऱ्याकडचे रांजण

नदीकाठच्या एका गावात एक कुंभारीण होती. तिची जीभ चाकापेक्षा जोरात फिरायची, पण तिच्यासारखे रांजण पंचक्रोशीत कुणाला जमत नसत.

त्या गावात मडकी भाजायला सगळ्या कुंभारआळीत मिळून एकच आवा लागे. सगळ्यांची मडकी एकत्र रचायची, वर गवत, गोवऱ्या, राख घालायची आणि पेटवायचं. कुंभारणीचे रांजण नेहमी कडेला, नदीच्या बाजूला. "हिचेच रांजण निम्मं सरपण खातात," अशी कुरकुर सुरू झाली. तिनेही एकेकाचे वाभाडे काढले. झालं! आळीच्या म्होरक्याने हुकूम सोडला, "हिचे रांजण आव्याबाहेर. आणि हिच्याशी कुणी बोलायचं नाही."

रांजणांचं दुःख तिने गिळलं, पण अबोला जिव्हारी लागला. ती पाणवठ्यावर गेली की बायका घागरी उचलून चालू लागत. मेलं भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही! ती मांजराशी बोलू लागली, तर तेही जेवण झालं की निघून जाई.

जत्रा तोंडावर आली. आवा पेटला आणि नदीवरून वारा सुटला. रांजणांची जागा मोकळी होती, वारा तिथूनच आत घुसला. जाळ भडकला, मडकी ताडताड फुटू लागली. आळीची वर्षाची भाकरी त्या आव्यात होती.

'जळू दे मेल्यांचं,' असं कुंभारणीच्या मनात आलं, नाही असं नाही. पण पाय अंगणातल्या कच्च्या रांजणांकडे वळले. वाऱ्याला आडोसा करायला तेच हवे होते. पण रांजण कधी एकट्याने उचलला जातो होय? तिने एक बाजू धरली आणि आळीकडे पाहिलं. सगळे म्होरक्याच्या तोंडाकडे बघू लागले.

म्होरक्या धावत आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. "उचला, वहिनी."

"आधी तुमचं पागोटं सांभाळा, भाऊजी," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं.

मग सगळी आळी धावली. रांजण वाऱ्याकडे ओळीने उभे राहिले. एक तडकला, पण जाळ बसला आणि उरलेली मडकी वाचली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुंभारीण तर इतकी बोलत सुटली, की शेवटी म्होरक्याने हात जोडले, "वहिनी, आता जरा दम घ्या!"

तेव्हापासून त्या गावात कुणाला वगळायची भाषा निघाली, की म्हातारी माणसं एवढंच विचारतात, "मग वाऱ्याकडे कोण उभं राहणार?"

तात्पर्य: माणूस बाहेर काढला तरी त्याची जागा मागे उरतेच, आणि वारा तिथूनच आत येतो.