जीपच्या सायलेन्सरचं ठिगळ

गाड्याही घरातल्या माणसांसारख्या म्हाताऱ्या होत, तेव्हाची ही गोष्ट. धोंडूतात्यांच्या जीपच्या सायलेन्सरला भोक पडलं. तात्यांनी तेलाचा रिकामा डबा कापला, त्याचा पत्रा भोकावर गुंडाळला आणि तारेने आवळला.

"स्वयंपाकघरातला पत्रा माझ्या अंगाला?" सायलेन्सर फणफणला.

त्याच दिवशी तात्या दवाखान्यातून लेकीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला घरी आणत होते. पहिल्याच खड्ड्यात सायलेन्सरने मुद्दाम अंग झटकलं. पत्रा सरकला आणि जीप डरकाळ्या फोडू लागली. "बघा माझा आवाज!" असं तो म्हणतोय तोच बाळ दचकून उठलं आणि रडून रडून लालबुंद झालं.

सायलेन्सर वरमला. "पत्रोबा, येता का परत?"

"तुम्ही हलू नका, मी बसतो," पत्रा हसला.

तात्यांनी खाली वाकून तार पुन्हा आवळली. या वेळी सायलेन्सर अंग चोरून गप्प राहिला. जीप गुणगुणत निघाली आणि बाळ गाढ झोपलं.

दारात आजीने बाळ-बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळला. तेवढ्यात जीपच्या मागून हळूच आवाज आला, "आजी, जरा इकडेही या. आमच्या पत्र्याला दृष्ट लागेल हो!"