तात्यांचं रिव्हॉल्वर आणि सोपानची पारख

एका गावात एक भोळा पुतण्या होता, नाव सोपान. गाव सगळं शिपायांचं, घरटी एक माणूस पलटणीत. सोपानही भरतीला गेला होता. 'पुढे चल' म्हटल्यावर तो चालत चालत घरी आला, कारण 'थांब' असं कोणी म्हणालंच नाही.

त्याचे चुलते तात्या. त्यांच्याकडे आजोबांचं पलटणीतलं जुनं रिव्हॉल्वर होतं. शहरातले एक हौशी मेजर ते रीतसर कागद करून विकत घेणार होते, आणि त्याच पैशांवर तात्यांच्या कौसल्येचं लग्न उभं राहणार होतं. मेजर यायच्या दिवशी तात्यांनी सोपानला बजावलं, की पुसून ठेव, त्यात तोंड दिसलं पाहिजे. सोपानने चिंच आणि विटेची भुकटी घेतली. निळसर काळा रंग गेला, पलटणीचा शिक्का गेला, तरी तोंड दिसेना. मग नंबरही गेला आणि तोंड दिसलं. सोपानला धन्य वाटलं.

मेजरांनी नळीत टॉर्च मारली, घोडा हलवून पाहिला आणि वस्तू खाली ठेवली. म्हणाले, "मूळ रंग गेला, आतले भाग बदललेले. अर्धी किंमत करा. आता हे वापरायचं नाही, भिंतीवर टांगायचं."

एवढं बोलून ते उठले. जाताना टॉर्च विसरले, ती सोपानने खिशात ठेवली.

"जुन्या वस्तूला फडकं लावायचं नसतं रं गाढवा," तात्या म्हणाले. सोपानने ते गाठीशी बांधलं.

पुढच्याच आठवड्यात कौसल्येला बघायला पाहुणे आले. मुलगा अठ्ठाविसाचा, असं मध्यस्थ शपथेवर सांगत होता. हुंडा घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, मोटारसायकल तेवढी बसत होती. काकूंनी सोपानला सकाळीच खुर्च्या पुसायला सांगितलं होतं. पण खुर्च्या आजोबांच्या वेळच्या, त्यावर रात्री कोंबड्या बसायच्या. सोपानने फडकं लावलं नाही. मुलाचे वडील पांढऱ्याशुभ्र धोतरात बसले, आणि उठले तेव्हा धोतर पांढरं नव्हतं.

तात्यांनी सोपानला कोपऱ्यात ओढलं. दात खाऊन म्हणाले, "पाहुण्यांच्या अंगाला काय लागलेलं दिसलं, की लगीच पुसायचं. कळलं?"

सोपानला कळलं. तो ओलं फडकं घेऊन पाहुण्यांवर नजर ठेवून उभा राहिला.

उकाडा मरणाचा होता. नवऱ्या मुलाच्या कानशिलावरून एक काळा ओघळ खाली उतरला. सोपानने तो पुसला. दुसरा आला, तोही पुसला. तिसरा आला तेव्हा ओघळ निघतो तिथूनच पुसावं म्हणून त्याने सगळं डोकं खसाखसा पुसून काढलं. काळा रंग फडक्याला आला आणि खाली पांढरे केस राहिले.

सोपानने फडक्याकडे पाहिलं. पुन्हा तेच! वस्तू जुनी निघाली, आणि रंग आपण घालवला. आता आतून तरी धड आहे का, ते बघायला हवं. मुलाचं तोंड आश्चर्याने उघडंच होतं. सोपानने खिशातून मेजरांची टॉर्च काढून आत मारली आणि बोट घालून वरचे दात हलवून पाहिले. ते सगळे एकदमच हलले.

दाराआड कौसल्येने तोंडात पदर कोंबला होता.

सोपान तात्यांकडे वळला आणि मेजरांइतक्याच गंभीरपणे म्हणाला, "तात्या, मूळ रंग गेलाय, आतलं भाग बदललेलं हायेत. अर्धी किंमत करा. मोटारसायकल न्हाई, सायकल द्या. आन् ह्यास्नी वापरायचं न्हाई, भिंतीवर टांगायचं."