क्रुसामागची झावळी

फार पूर्वी एका चर्चमध्ये शिंदीची झावळी आणि शिंदीचीच केरसुणी राहत. झावळ्यांच्या रविवारी प्रभूपुढे डोललेली ती झावळी वर्षभर क्रुसामागे मिरवत होती.

राखेचा बुधवार आला. कपाळाला लावायच्या राखेसाठी चर्चची देखभाल करणारे बस्त्यांवकाका जाळायला गेल्या वर्षीची झावळी शोधू लागले, तशी ती आणखी आत सरकली. "मी विजयाची खूण! मला जाळायचं?"

केरसुणी भडकली. "अगं, एकाच झाडाच्या आपण! होसान्नाच्या जयघोषाला पुढे आणि राखेला मागे? कसला गं तुझा विजय?"

झावळी सापडेना. "हीसुद्धा शिंदीचीच," म्हणत काकांनी केरसुणी उचलली. भीती तिलाही वाटली असेल, पण ती मागे सरली नाही.

त्या दिवशी गावाच्या कपाळावर केरसुणीच्या राखेचा क्रूस होता. झावळी अजून आपला विजय भिंतीवरच्या पालीला सांगते आहे.