दुसऱ्या खांबावरची झावळी

नुसा लेमान बेटाला होडी लावायची तर वाट एकच. बेटाभोवती प्रवाळाचे खडप आणि त्या खडपाला पडलेली एक अरुंद चीर, एवढीच. चिरेच्या तोंडाशी पाण्यात एक लाकडी खांब उभा आहे, आणि तिथून हाकेच्या अंतरावर, खडपाच्या कडेला, अगदी तसाच दुसरा. वर्षातून तीन दिवस, एका अमावस्येच्या तोंडावर, या दोन्ही खांबांवर माडाची हिरवी झावळी लटकते. त्या तीन दिवसांत बेटावरून कोणी जात नाही, बेटावर कोणी येत नाही. मग ते लग्नाचे वऱ्हाड असो, सरकारी साहेब असो, की परतीचे तिकीट खिशात घेऊन आलेला पाहुणा असो.

असे अडकलेले पाहुणे दरवर्षी असतातच. ते धक्क्यावर पिशव्या घेऊन बसतात आणि पुन्हा पुन्हा घड्याळ पाहतात. मग गावातले म्हातारे बापा येरेमियास त्यांच्यापुढे शहाळी फोडून ठेवतात आणि म्हणतात, "रागावू नका. एकदा आमचं सगळं गावच असं सामान बांधून किनाऱ्यावर बसलं होतं. तुमचे तीन दिवस, त्यांचे आठ होते." आणि ते पुढची हकिकत सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा बेटावर सत्तर माणसे होती म्हणे. दोन वर्षे पाऊस नव्हता. गावातली एकुलती एक विहीर आधी मचूळ झाली, मग खारट. माणसे शहाळ्यांवर दिवस काढीत होती, आणि माडही किती देणार? गावची प्रमुख इना हातू नावाची म्हातारी होती. तिने सगळ्यांना बोलावले आणि सांगितले, की आता बेट सोडायचे. दोन दिवसांच्या वाटेवर मोठे बेट आहे, तिथे नदी आहे, तिथे जायचे. पुन्हा यायचे नाही.

"पण जाताना खडप बंद करून जायचं," ती म्हणाली. "आपल्या मागं कोणी येऊन ते ओरबाडायला नको."

खडप बंद करणे हा तिथला जुना रिवाज. खांबावर झावळी बांधली, की तिच्या पलीकडे हात घालायचा नाही. मासळीला, शिंपल्यांना वाढायला उसंत द्यायची. झावळी बांधणे माणसाच्या हाती, सोडणे मात्र ओहोटीच्या हाती. अमावस्येची मोठी ओहोटी खांबाचे बूड कोरडे करील तेव्हाच ती सोडायची. तोवर ती ओलांडणाऱ्याला दर्या परत येऊ देत नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा होती.

झावळी बांधण्याचा मान लेसी नावाच्या म्हाताऱ्याकडे होता. गाव त्याला तेते म्हणे, तेते म्हणजे आजोबा. हा तेते लेसी मोठा शंकेखोर. झोपडीचे दार लावून निघाला, की अर्ध्या वाटेवरून परत यायचा आणि दार ओढून बघायचा. चूल विझली का, होडी वर ओढली का, त्याला कशाचीच खात्री नसे. गाठ पक्की बसली का, असे कोणी विचारले तर तो हाताकडे पाही, खांबाकडे पाही आणि म्हणे, "बहुतेक." पोरेसोरे त्याची नक्कल करीत. तोही हसे, पण मनात त्याला वाटे, की आपल्यापेक्षा धीट माणसाकडे हे काम असायला हवे होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने खडपावरच्या खांबाला झावळी बांधली. सात गाठी मारल्या. घरी आला, आणि अंथरुणावर पडल्यावर सातवी गाठ त्याला आठवेना. मारली होती, की मारायची राहिली? पहाटेपर्यंत कसाबसा थांबला. मग उजाडता उजाडता, हाताशी असावी म्हणून एक जादा झावळी घेऊन, एकटाच होडीतून निघाला. दर्यावर दाट धुके होते. ओहोटीच्या ओढीने होडी केव्हा डावीकडे सरकली ते त्याला कळले नाही. धुक्यातून खांब पुढे आला. उघडा खांब! "गळली की रे," तो स्वतःशीच पुटपुटला. "मला वाटलंच होतं." त्याने जादा झावळी बांधली, या वेळी मोजून नऊ गाठी मारल्या, आणि आयुष्यात प्रथमच निश्चिंत होऊन परतला.

ऊन वर आले, धुके विरले. सत्तर माणसे गाठोडी, कोंबड्या आणि साबुदाण्याच्या पिठाची पोती होड्यांत भरून तयार होती. पहिले वल्हे पाण्यात पडणार, तोच कोणीतरी ओरडले. खडपाच्या खांबावर झावळी होती, आणि चिरेच्या तोंडाशी होड्यांच्या वाटेवर जो खांब होता, त्याच्यावरही होती. बाहेर पडायची वाटच बंद झाली होती.

सगळ्यांनी तेते लेसीकडे पाहिले.

पाती नावाचा तरणाबांड होडीवाला सर्वांत पुढे होता. तो म्हणाला, "तेते, आयुष्यभर गाठी सैल राहिल्या म्हणून रडलात, आणि पक्की बांधलीत ती नेमकी ही?"

"सोडतो," लेसी म्हणाला. "माझी चूक आहे. मी जाऊन सोडतो. दर्याला काय करायचं ते माझं करू दे."

"थांब, लेसी," इना हातू म्हणाली. "चुकून बांधली तरी बांधलीच. विहीर गेली, घरं जातायत. आपल्याबरोबर न्यायला हा रिवाज तेवढा उरलाय. तोही इथंच मोडून जायचं का?"

अमावस्येला आठ दिवस होते, आणि माडांवर शहाळी होती पाच दिवसांची.

ते दिवस लेसीने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. आपल्या वाटचे शहाळे तो तोंडाला लावल्यासारखे करी आणि नातवंडांच्या पुढे सरकवी. रडणारे प्रत्येक मूल त्याला आपल्याच गाठींनी बांधल्यासारखे वाटे. रागावून कोणी काही बोलले नाही, याचाच त्याला जास्त त्रास झाला.

पोटालाही काही हवे होते. पीठ संपत आले. खडप बंद, बाहेरचा दर्याही बंद. मोकळी उरली ती दोहोंमधली चीर, होड्यांची वाट. तिथे एरवी कोणी पाऊल टाकीत नसे. वाटेत उभे राहू नये, होडी अडते, असा दंडक होता. आता होड्या जातच नव्हत्या. तेव्हा ओहोटी लागली की बायका चिरेत उतरू लागल्या, दगड उलटून शिंपल्या-तिसऱ्या शोधू लागल्या.

सहाव्या दिवशी, भर दुपारी, लेसीची सून सिना गुडघाभर पाण्यात होती. उन्हाने पाणी कोमट झाले होते. एकाएकी तिचे पाऊल गार पडले. ती मागे सरली, तर कोमट. पुढे गेली, तर पुन्हा गार. तिने वाकून ओंजळ भरली आणि जिभेवर घेतली. मग ती जी ओरडली, ते ऐकून किनाऱ्यावरच्यांना वाटले, हिला विंचूमासा डसला.

ती धावत आली ती थेट सासऱ्याकडे. हातात मोठा शिंपला, त्यात पाणी.

"तेते, प्या!"

लेसीने घोट घेतला. डोळे मिटले. पुन्हा घेतला. सगळे गाव श्वास रोखून उभे.

"गोडं आहे का?" इना हातूने विचारले.

त्याने शिंपल्याकडे पाहिले, चिरेकडे पाहिले. मग म्हणाला, "बहुतेक."

आणि त्या तहानलेल्या माणसांना असे हसू फुटले, की म्हणे ते शेजारच्या बेटापर्यंत ऐकू गेले असेल. माणसे धडपडत चिरेत उतरली. दगडांच्या बेचक्यातून, खाऱ्या पाण्याखालून, गोड्या पाण्याची एक जाड धार वर उसळत होती. किती पिढ्या तिच्यावरून होड्या हाकून गेल्या होत्या! त्या दिवशी पोरांनी पाणी प्यायले त्याहून जास्त एकमेकांवर उडवले, आणि कोणी त्यांना रागावले नाही.

अमावस्येच्या ओहोटीला दोन्ही खांबांची बुडे कोरडी झाली. लेसीने नऊ गाठी सोडल्या. सोडायला त्याला अर्धा प्रहर लागला. इना हातू म्हणाली, "वाट मोकळी आहे. ज्याला जायचं त्यानं जावं."

सगळ्यांचे डोळे पातीकडे लागले. तो आपल्या भरलेल्या होडीपाशी गेला, आत डोकावला आणि डोके खाजवीत परत आला. "कोंबडी खुडूक बसलीय रिकाम्या पोत्यांवर," तो म्हणाला. "अकरा अंडी आहेत. पिलं निघू देत, मग बघू."

पिले निघाली, मोठी झाली. ते 'मग' काही आले नाही.

इथे बापा येरेमियास थांबतात आणि समोरच्या चिरेकडे बोट दाखवतात. आजही ओहोटीला बायका तिथे कळशा घेऊन उतरतात, आणि त्या भरेपर्यंत होडीवाले वल्हे आडवे धरून थांबतात. आजही झावळी बांधायचे काम गावातल्या सर्वांत शंकेखोर माणसाला मिळते. छातीठोकपणे "पक्की" म्हणणाऱ्याच्या हाती ती कोणी देत नाही. ती बांधून झाली, की सारा गाव तीनदा विचारतो, "गाठ पक्की आहे का?" आणि तो तीनदा सांगतो, "बहुतेक." मग तीन दिवस ढोल वाजतात.

बेटावर शाळा सहावीपर्यंतच आहे. मोबाइलला टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. मुले-मुली शिकायला जातात, जहाजांवर नोकरीला जातात. जाणाऱ्याला चिरेतल्या पाण्याचा एक घोट देतात आणि विचारतात, "झावळीला येशील ना?"

जाणाऱ्याने उत्तर एकच द्यायचे असते. तो होडीत उभा राहतो, दोन्ही खांब नीट निरखून पाहतो आणि म्हणतो, "बहुतेक."

किनारा हसतो. त्या बेटावर याहून खात्रीचा शब्द नाही. आणि झावळी बांधायच्या आदल्या दिवशी पाहावे, तर चिरेच्या तोंडाशी आत येणाऱ्या होड्यांची रांग लागलेली असते.