डाव्या हाताचा नमस्कार

"पण वस्ताद, मी नाही उतरले तर संघात माझ्या जागी कोण उतरणार?"

इंद्रायणीनं हे विचारलं तेव्हा तिचा उजवा हात पाठीमागे होता. मल्लखांबावरून पडून मनगट सुजलं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर त्यावर भार द्यायचा नाही असं बजावलं होतं. राज्य स्पर्धा मात्र पुढच्याच आठवड्यात होती. वर्षभर घाम गाळून मिळवलेली जागा हातची जाणार होती.

तुकोजी वस्ताद एरंडेलाच्या फडक्यानं खांब पुसत राहिले.

"दुखत नाही फारसं," ती म्हणाली.

"बरं. मग नमस्कार कर आणि चढ."

तिनं डावा तळवा खांबाला टेकवला आणि कपाळाला लावला.

"आणि उजवा?"

"आपल्या तालमीत डाव्यानंच करतात, वस्ताद. तुम्हीच तर तसा करता."

खोटं नव्हतं ते. वस्ताद डाव्या हातानं नमस्कार करत, म्हणून सगळ्या पोरी तसाच करत. दुसऱ्या तालमींतल्या मुली दोन्ही हातांनी करायच्या, तर ह्या त्यांना पाहून नाकं मुरडायच्या. वस्तादांची खाकरण्याची लकबसुद्धा त्यांनी उचलली होती.

वस्तादांनी फडकं खाली ठेवलं. उजवा हात खांबाकडे नेला.

बोटं टेकली, तळवा टेकेना. मनगट मागे वळतच नव्हतं. त्यांनी जोर लावून पाहिला, कपाळावर घाम आला...

इंद्रायणी बघत राहिली. इतकी वर्षं ती डाव्या हाताच्या नमस्काराला रीत समजत होती.

"कधीपासून?"

"तुझ्याएवढा होतो. मीही म्हणालो होतो, दुखत नाही."

"आणि स्पर्धा?"

"जिंकलो."

...

मग तिनं पाठीमागचा हात पुढे आणला. आता तिला रडू आवरेना. वस्तादांनी तिला रडू दिलं.

"मी काय करू मग?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"रोज यायचं. धाकट्या पोरींना नमस्कार शिकवायचा. दोन्ही हातांचा."

"आणि मी कधी चढू?"

"तुझे दोन्ही तळवे टेकतील त्या दिवशी. खांब पुरलेला आहे, पोरी. तो कुठं जात नाही."